सगुणाचा सुळा

१२ नोव्हेंबर २००७

वरचे सगळे दात काढायचे! उरलेले पाचही हलतायत. दातांचा डॉक्टर वेद म्हणाला, "बाई, कवळी नको. हाडात सहा स्क्रू बसवू, त्यावर अख्खी पंक्ती पक्की." माझ्याच वर्गात होता हा, पाढे म्हणताना रडायचा. आता मला धीर देतो!

त्याला माझा जुना फोटो हवाय — दात दिसणारा. फोटोवरून कॉम्प्युटर दात आखतो म्हणे.

१४ नोव्हेंबर

ट्रंक उपसली. एकाही फोटोत माझा दात दिसत नाही. फोटो काढताना मुलींनी तोंड मिटायचं, ही अण्णांची शिस्त. पण माझ्या धाकट्या बहिणीनं, सगुणानं, कधी कुणाचं ऐकलं? डावा सुळा पुढे आलेला, तरी खदखदून हसतेय. १९६९ चा फोटो. त्याच वर्षी आरे-वारेच्या समुद्रात बुडाली.

आम्ही दिसायला सारख्याच. तोच फोटो पर्समध्ये टाकला.

१५ नोव्हेंबर

"ही मीच," म्हणून सांगितलं. धडधडीत खोटं! वेदनं फोटो स्कॅन केला. "सुळा सरळ करायचा ना, बाई?" "कर बाबा."

३ डिसेंबर

कोल्हापूरहून सीटी स्कॅनची सीडी आली. पडद्यावर माझी कवटी! वेद माउसनं ती गरागरा फिरवत होता. मग माझ्या हाडावर फोटोतलं हसू ठेवलं. चपखल बसलं. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या, आणि खाली सगुणाचं हसू. मला दरदरून घाम फुटला.

"बाई, भूल द्यायच्या आधीच घाबरलात!"

१९ जानेवारी २००८

आज दात बसले. मुंबईहून हिरड्यांवर ठेवायचा साचा आला होता, त्यातल्या भोकांतून सहा स्क्रू. टाका एक नाही.

आरसा धरला — डावा सुळा पुढे!

वेद चक्रावला. "मी सरळ केला होता, बाई. लॅबनं पहिलीच फाइल घेतली वाटतं. हे तात्पुरतेच आहेत, पक्के दात करताना बदलू."

२२ जानेवारी

'स' म्हणताना शिटी वाजते. सगुणाची वाजायची.

काचबिंदूनं आईची नजर गेली, माणूस ती आवाजावरून ओळखते. मी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. ती ओटीवरून म्हणाली, "सगुणा, आलीस गो?"

हातातलं भांडं पडलं.

२३ जानेवारी

लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

भरती होती. दोघीही खोल गेलो. तिनं माझं मनगट धरलं, मी सोडवायला लागले, तर तिनं दातच रोवले. मी हिसडा दिला. ती गेली. घरी सांगितलं — ती एकटीच उतरली, ओढायला गेले तर माझा हात कातळाला लागला.

आज मनगट तोंडाशी नेलं. व्रणाच्या पाच खुणा आहेत. त्यावर नवे दात टेकवले. तंतोतंत बसले. सुळासुद्धा!

आईला कळलं तर? ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला माझ्याशिवाय कोण आहे, आणि मला तरी? ती माझ्या हातचं जेवायची नाही पुन्हा. मला भीती वाटते.

२४ जानेवारी

वेदला फोन केला. काढ म्हटलं हे! "बाई, स्क्रू हाडात मुरायचेत. चार महिने हात लावायचा नाही."

आईशी दिवसभर बोलले नाही. तोंड मिटून वावरले.

२५ जानेवारी

दुपारी आईनं चाचपत माझं मनगट धरलं. व्रणावरून अंगठा फिरवला. सुळ्याच्या खुणेवर थांबली.

"लीला," म्हणाली. सगुणा नाही — लीला!

"कातळाला सुळा असतो काय गो? तेव्हा ह्या जखमेत हळद मीच भरली होती."

एकोणचाळीस वर्षं!

मग म्हणाली, "मऊ भात निवतोय. जेव."