आपल्या टेकडीवरचा प्राणी

आई, काल पुण्याहून फोन आला होता. तुझं डायनासोरचं पुस्तक ज्यांनी छापलं, त्या प्रकाशकांच्या मुलाचा. मोठ्या अदबीनं बोलत होता. म्हणाला, "ताई, ते पुस्तक पुन्हा काढायचं आहे. पण गोष्ट जबलपूरमध्ये घडवू या. स्थानिक गोष्टींना आता मागणी आहे. आणि आईंची तिकडची बोली थोडी पेरली तर गोड वाटेल." गोड. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपण जबलपूरच्या अधारताल भागात राहायचो. तू हिंदी शाळेत विज्ञान शिकवायचीस आणि रविवारी आजूबाजूची मराठी पोरं ओसरीवर जमवायचीस, कारण राज्यं वेगळी झाल्यावर नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आपली मराठी घरातल्या घरात उरली. त्यांना तू छावणीजवळच्या टेकडीची गोष्ट सांगायचीस. इंग्रजांच्या काळात एका फौजी अधिकाऱ्याला तिथे डायनासोरची दगड झालेली हाडं सापडली, ती कुठल्या कुठे नेली. पोरं विचारायची, "काकू, मतलब वो यहीं रहता था?" तू म्हणायचीस, "काहून नाही? इथंच चरून राहिला होता तो. मान लांब केली का झाडाचा शेंडा तोंडात." मी भिंतीला टेकून ऐकतेय, आणि टेकडीमागून ती मान वर येताना मला दिसतेय.

तीच गोष्ट तू लिहून काढलीस. प्रकाशक कुणाच्या तरी लग्नाला जबलपूरला आले होते, तेव्हा आपल्या घरीही आले. पोहे खाता खाता त्यांनी पानं चाळली आणि हसले. "बाई, 'चरून राहिला' ही काय मराठी झाली? आणि जबलपूर कशाला? मुलांना परदेशातलं आवडतं."

तू म्हणालीस, "पण जी, तो परदेशातून आलाच नव्हता. इथलाच होता."

"प्राणी इथला असेल. वाचक इथले नाहीत."

मला वाटलं, आता तू पानं परत मागशील. वर्गात कुणी चुकीचं बोललं तर तू सोडायची नाहीस. पण तू "बरं" म्हणालीस. पुढे कितीतरी दिवस, स्वयंपाक उरकला की ओट्याशेजारी बसून तू स्वतःचीच वाक्यं खोडत होतीस. मी चिडले, तर म्हणालीस, "छापून तर येऊ दे, बेटा. आपल्या पोरांच्या हातात मराठी पुस्तक तर येईन." पुस्तक आलं. नर्मदा गेली होती, तिच्या जागी 'दूर देशी एक नदी' होती. मुखपृष्ठावर प्राण्याच्या मागे बर्फाचे डोंगर. ओसरीवर तू ते वाचायला घेतलंस, तेव्हा एका पोरीनं विचारलं, "काकू, अपना वाला कब आएगा?" तू पुस्तक मिटलंस. त्यानंतर ती गोष्ट तू कधीच सांगितली नाहीस.

आज तो प्राणी सगळ्यांना आपला वाटतो. हिंदीत, इंग्रजीत पुस्तकं निघतात, त्यांत जबलपूरचं नाव असतं. असू दे, चांगलंच आहे. पण ज्यांना तुझ्या बोलण्याची लाज वाटली, त्यांनाच आता ते गोड लागावं? काल फोनवर मी प्रकाशकांच्या मुलाला म्हटलं, "तुमच्या वडिलांनीच हे सगळं काढायला लावलं होतं." तो म्हणाला, "तो काळ वेगळा होता, ताई." मी म्हटलं, "आई तीच होती." नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मग ठरवलं, तुझी खरी गोष्ट मीच लिहीन आणि इथेच छापून घेईन. मूळ पानं तर घर बदलताना रद्दीत गेली. सकाळपासून बसले आहे. तो इथंच चरून राहिला होता, हे लिहिलं. झाडाचा शेंडाही लिहिला. त्यानंतर तो नर्मदेवर पाणी प्यायला जातो. तिथे तू काय म्हणायचीस? विचारायला आता तू नाहीस. मला जे आठवतं ते सगळं शुद्ध मराठीत आहे, आई. पुस्तकातलं. हे त्या मुलाला मी कधी कळू देणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचंच नाही, म्हणून लिहून टाकते. तुझी म्हणून मला तेवढी दोनच वाक्यं येतात.