पाळीच्या तक्त्यातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. शंकर नगर.

फार थकली आज. शिकवून नाही, त्या एका वाक्यानं.

एमएससीच्या वर्गात रचना म्हणजे काय ते सांगत होती. पूर्वी गणित म्हणजे संख्या आणि आकृत्या, असंच मानायचे. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की वस्तू कोणती याला महत्त्व नाही, त्यांच्यातलं नातं तेवढं खरं. तीन म्हणजे काय? दोन आणि चारच्या मधली जागा. वीस वर्षं हेच सांगून राहिली मी.

अर्ध्या पोरांच्या घरचे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला, म्हणून फळ्यावर कामाच्या पाळ्यांचा तक्ता काढला. तीन नावं, तीन पाळ्या, दर आठवड्याला फिरणाऱ्या. मग एक नाव बोटानं पुसून तिथे दुसरं लिहिलं. म्हटलं, देखो, आदमी बदला, रचना वही है.

मागच्या बाकावरची सरिता, कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "हव मैडम. पापा नहीं रहे, तो उनका नाम भी ऐसे ही मिटाया था. अब वहाँ भैया का लिखा है."

आणि मी म्हटलं, "सही उदाहरण है."

काहून म्हटलं असं? गणितात चूक तर नव्हतीच. तेच तर खुपून राहिलं. ऑटोत बसून घरी येईपर्यंत मी त्याच बोटाकडे पाहत होती.

मी पुसलेलं नाव मनानंच ठेवलेलं होतं. सरिताच्या वडिलांचं खरं नाव काय होतं, तेवढं विचारलं नाही.