सोमवारची मटकी

सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

आज मटकीची उसळ ढवळता ढवळता एकदम हसूच आलं. सोमवार – मटकी. मंगळवार – दुधी. बुधवार – मसूर. गुरुवार – लाल भोपळा. कॅलेंडर कशाला टांगायचं भिंतीवर? वाटीत बघावं!

संध्याकाळी हे कचेरीतून आले तेव्हा मुद्दाम विचारलं, सकाळी भाजी कसली होती? बराच विचार केला. मग म्हणाले, "आज सोमवार ना? मग मटकी असणार."

असणार!

रेशन होतं तेव्हा सबब होती. परदेशी लाल ज्वारी, तो मिलो, नि किडके तांदूळ, त्यातून काय मोठं रांधणार? आता रेशन उठलं. टेंभी नाक्यावर भाजीवाल्या पाट्या भरभरून बसतात. तरी मी आपली दुधीच उचलते. मला झालंय तरी काय?

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सापडलं! दुधी किसताना सापडलं.

आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाची चव घ्यायची नाही. देवाच्या आधी जिभेला लावलं तर ते उष्टं. सासूबाईंचा हा नियम मी या घरात पहिल्या दिवशी ऐकला आणि आजवर पाळला. आता चव न घेता रांधायचं, तर बाई हाताला पाठ असलेलंच रांधणार. दुधीला मीठ किती हे माझ्या बोटांना ठाऊक. नव्या पदार्थाचं कुणाला ठाऊक?

म्हणजे मी आळशी नाही. भित्री आहे! हे कळल्यावर इतकं हलकं वाटलं की दुधी किसायच्या ऐवजी बोटच किसून घेतलं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

धीर करून सासूबाईंना विचारलं. त्या नेहमीच्या जागी, शेगडीपासून हातभर अंतरावर, पाटावर बसून वाती वळत होत्या. लाल आलवणाचा पदर डोक्यावर, समोर कापसाचा ढीग. म्हटलं, रोज एखादा नवा पदार्थ करून बघू का?

वात पुरी झाली. दुसरीही झाली. मग म्हणाल्या, करायला हरकत नाही. पण देवाला बिघडलेलं चालायचं नाही. एक जरी पदार्थ फसला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"आणि चव?" मी विचारलं.

"चवीचं काय? नियम तो नियम."

म्हणजे डोळे बांधून दोरीवर चालायचं. तरी दिवसभर गुणगुणत होते. प्रमोदिनी म्हणाली, "आई, तुला बक्षीस लागलंय का कसलं?" हिची कॉलेजची परीक्षा जवळ आलीय आणि हिला माझ्या गुणगुणण्याचा त्रास होतो.

शनिवार, १२ फेब्रुवारी

समोरच्या बिऱ्हाडात हरदेवीबाई राहतात. सिंधमधून निघाल्यावर आधी कल्याणच्या कॅम्पात होत्या, गेल्या वर्षी इकडे आल्या. आमच्या ताकाच्या कढीला नाक मुरडून म्हणाल्या, "भाभी, ये तो बीमार आदमी का खाना." त्यांची कढी बेसनाची. तेलात मेथ्या नि हिंग घालून बेसन तांबूस भाजायचं, मग पाणी, चिंच, वर शेंगा, गवार, बटाटा. ताकाचा थेंब नाही!

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ताकाशिवाय कढी म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात. पण नको म्हणाल्या नाहीत.

उद्या!

रविवार, १३ फेब्रुवारी

काय सांगू! काय सांगू!

कढीला उकळी आली. ह्यांची पूजा होत आली होती. सासूबाई रोजच्यासारख्या म्हणाल्या, "तुळस आण जा." तुळस आमची खाली, विहिरीजवळ. जिना उतरले, पान खुडलं, आणि तिथेच आठवलं. मीठ! मीठ घातलंच नव्हतं!

पदर खोचून धावत वर आले. तोवर सासूबाईंनी कढीचं भांडं उतरवून वाटी नैवेद्याच्या ताटात ठेवलीसुद्धा. आता त्यात मीठ घालायचं कसं? हे पळी-पंचपात्र घेऊन बसलेले. मी गुपचूप पान ठेवलं नि मनात देवाला म्हटलं, आजचा दिवस ओठांवर ओठ ठेवून बस.

पानं वाढली. ह्यांनी भुरका मारला. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. त्या वर गेल्या, तशाच राहिल्या, आणि त्यांनी वाटी पुढे केली. पुन्हा भुरका. पुन्हा वाटी!

शेवटी मी चाखली. मीठ अगदी बेताचं.

म्हणजे मी घातलं होतं! डोक्याला कळलं नाही, हातानं घालून टाकलं! माझा हात आता माझ्या पुढे चालायला लागला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मग हातालाच शाबासकी देतो. आणि प्रमोदिनी बसलेली असताना खरंच माझा हात धरला. या वयात!

सासूबाई भात कालवत होत्या. वर पाहिलं नाही.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

पडवळाची भजी. कच्च्या केळ्याची कोफ्त्यासारखी आमटी. पेरूची भाजी, गूळ घालून. तिन्ही साधले. गुरुवार आला आणि गेला, भोपळा नाही!

रविवार, २० फेब्रुवारी

आज केक केला. एका मासिकात स्त्रियांच्या पानावर बिनअंड्याचा दिला होता, दही नि सोडा घालून. शेगडीवर पातेल्यात वाळू, वाळूत डबा, झाकणावर निखारे. प्रमोदिनी पुस्तक टाकून तासभर वारा घालत बसली.

वरून सोनेरी, खालून वीट. ह्यांनी बोटानं वाजवून पाहिला. नारळासारखा फोडायचा का म्हणाले.

फसला तर सगळं संपलं. सासूबाईंनी केक चहूबाजूंनी फिरवून पाहिला, मग म्हणाल्या, "देवाला दात आहेत." आणि त्यावर स्वतः तुळशीचं पान ठेवलं. देवासमोर केक, केकवर तुळस – मला हसू आवरेना, हे आचमन चुकले.

सासूबाईंना स्वतःला दात नाहीत. त्यांनी आपला तुकडा दुधात बुडवून, मऊ होईस्तोवर वाट बघून, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मी दाराआडून बघत होते. इतकी वर्षं त्यांना वाढतेय, त्यांना काय आवडतं हे कधी विचारलंच नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बुधवार, २३ फेब्रुवारी

हरदेवीबाईंनी कॅम्पातल्या बाजारातून कमळाची मुळं आणून दिली. भोकांत चिखल भरलेला. धुता धुता बादलीभर पाणी गेलं. सासूबाईंनी विचारलं, लक्ष्मीचं आसन चिरून फोडणीत घालायचं? मी आपली चिखल काढत राहिले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "उठून उभी राहिली असेल ती. कर."

आज खाली जायची खेप वाचवावी म्हणून सकाळी फुलांबरोबरच तुळस आणून ठेवली होती. भाजी शिजत आली तशी सासूबाईंनी ते पान उचलून पाहिलं. म्हणाल्या, किडकं आहे, दुसरं आण. मला तर चांगलं हिरवंगार दिसत होतं. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला? गेले खाली.

भाजी अशी झाली! हरदेवीबाई चाखायला आल्या नि डोळे पुसत बसल्या. त्यांच्या आईच्या हातची आठवली म्हणे. मग मीही पुसले.

माझ्या हाताला खरंच काहीतरी झालंय.

शनिवार, २६ फेब्रुवारी

सासूबाईंना काल रात्रीपासून ताप. डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. बाहेरच्या खोलीत निजवलंय. पेज दिली, दोन घोट घेतले. उद्या काय करतेस, एवढं मात्र विचारलं. ह्यांनी मुंबईहून ढोबळ्या मिरच्या आणल्यात, त्या भरणार म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

स्वयंपाकघरात त्यांचा पाट रिकामा. कापूस तसाच.

रविवार, २७ फेब्रुवारी

फसलं.

सगळं लवकर आवरलं होतं. तुळस सकाळीच आणलेली. मिरच्या दिसायला इतक्या देखण्या झाल्या की प्रमोदिनी म्हणाली, यांचा फोटो काढायला हवा. नैवेद्य झाला. ह्यांनी घास घेतला नि चावायचे थांबले. भुवया कुठेच गेल्या नाहीत. भांडंभर पाणी प्यायले आणि म्हणाले, छान आहे. तेव्हाच समजले.

सारणात मीठ नाही. कणभर नाही. आणि लिंबू बहुधा दोनदा पिळलं गेलं. मग त्या दिवशी कढीत मीठ घालणारा माझा हात आज कुठे गेला होता?

सासूबाईंपासून लपवणं मला जमलं नसतं. जवळ बसून सांगितलं. पदार्थ फसला, देवाला बिघडलेलं दाखवलं, उद्यापासून वारांप्रमाणे. उद्या सोमवार, मटकी भिजत घातली आहे. बोलता बोलता डोळ्यांना पदर लावला. एका मिरचीसाठी बाई रडते का? रडते.

त्यांनी डोळे उघडले.

"तुळस आणायला कोणी पाठवलं होतं तुला?"

म्हटलं, कोणी नाही, सकाळीच आणून ठेवली होती.

"हं," म्हणाल्या. तापात माणूस काहीही विचारतं.

सोमवार, २८ फेब्रुवारी

ताप उतरला. सासूबाई भिंत धरत आल्या, आपल्या पाटावर बसल्या. मटकी शिजत आली तशी मी जिन्याकडे निघाले. त्यांनी थांबवलं. पळी घेतली, वरूनच रश्शाचं टिपूस डाव्या तळव्यावर सोडलं, आणि चाटलं. माझ्यादेखत. नैवेद्याआधी!

"अशी घ्यायची. पळीला तोंड नाही, भांड्याला हात नाही. मला माझ्या सासूनं दाखवलं तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. देवाला अळणी दाखवायचं का गं?" मग तोंड वाकडं केलं. "मटकीला मात्र कंटाळले बाई. तूच बघ चव, काय नवं घालता येईल ते."

आणि उठल्या.

"तुळस मी आणते."