रिकाम्या चौकटींचं दालन

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि.

चार महिन्यांत तुझं पत्र नाही. लोकांचे चष्मे करता करता तुझेच डोळे गेले असं समजून मी अक्षर मोठं काढते आहे. माझं शिवणकाम जोरात आहे. शाळेच्या गायनवर्गाचे चौतीस झगे अंगावर घेतलेत आणि चौतीसही मुली वाढत्या वयाच्या. शिवून होईपर्यंत माप बदलतं.

खरं लिहायचं आहे ते अण्णांबद्दल. सकाळी चहा प्यायले की नाही ते त्यांना आठवत नाही. मला कधी ताई म्हणतात, कधी नुसतं बाई. पण दुपारी माझ्या कापायच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसतात आणि कोऱ्या भिंतीवरची ती पाच चित्रं मला सांगतात. होय, तीच, ज्यांचं नाव आपण बावीस वर्षं घरात काढलं नाही. नदीवर धुकं आणि रिकामी होडी. केस विंचरणारी पाठमोरी बाई. दारात पांढरा घोडा, आत यावं की नाही ते त्याचं ठरत नाही. टेबलावर डोकं टेकून झोपलेली मुलगी. आणि तळहाताएवढं सगळ्यात लहान: उघडी खिडकी, बाकी काही नाही. ते इतक्या हळू बोलतात की माझं मशीन आपोआप थांबतं. काल म्हणाले, आज धुकं जरा विरळ आहे, पलीकडचा काठ दिसतो. मी मान वर करून पाहिलं. भिंतच होती, पण पाहिलं खरं.

परवा संग्रहालयातल्या नव्या बाई येऊन गेल्या. जुनी फाईल वाचून आल्या होत्या आणि सगळी हकीकत मलाच सांगत होत्या. सुटीचा सोमवार होता, शिडी घेतलेली दोन माणसं आली, गळकं छप्पर बघायला आलोय म्हणाली. पहारेकऱ्याने दार उघडलं, कारण त्या दिवशी छपरवाले खरंच येणार होते. खरे छपरवाले दुपारी आले तेव्हा पहारेकरी खुर्चीला बांधलेला आणि पाचही चौकटी रिकाम्या. चित्रं आजतागायत सापडली नाहीत. तो पहारेकरी म्हणजे आपले अण्णा समोरच बसले होते, तरी मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होते. चौकटी अजून तशाच टांगलेल्या आहेत म्हणे. चित्रांचे फोटो धूसर आहेत, म्हणून अण्णांना तिथे नेऊन त्यांच्या तोंडून वर्णन लिहून घ्यावं असं बाईंच्या मनात आहे.

ते ऐकून अण्णा म्हणाले की छपराचं त्या लोकांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. सुई माझ्या बोटात गेली. आता मी काय करू? तपासकाकांच्या कानावर घालू का? चोरीचा तपास त्यांच्याकडेच होता; पोलिसातून निवृत्त झाले तरी महिन्यातून एकदा अण्णांशी बुद्धिबळ खेळायला येतात.

दोन ओळी तरी लिही. माया आटू देऊ नकोस.
तुझी
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. डोळे शाबूत आहेत. दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलं आहे, त्याच्या नादात राहून गेलं.

अण्णांना तिथे नेऊ नकोस. त्यांना काही विचारूही नकोस. म्हातारं माणूस भ्रमात काहीबाही बोलतं, त्याचा कीस काढू नये. चोरीनंतर त्यांची नोकरी गेली नाही, पण नऊ वर्षं त्यांना दाराशी लोकांच्या छत्र्या आणि पिशव्या सांभाळायला बसवलं, ते काय कमी झालं? तपासकाकांना तर मुळीच सांगू नकोस.

झग्यांना शिवणीत जास्तीचं कापड सोड, म्हणजे मुली वाढल्या तरी चालेल. राग मानू नकोस.
तुझा
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि.

शिवण मला शिकवतोस, ते वाचून हसू आलं. बाकीचं पत्र वाचून आलं नाही. तू एवढा का घाबरलास ते कळलं नाही.

मी त्यांना नेलंच. त्यांनी स्वतःच इस्त्रीचा सदरा मागितला. दाराशी जुन्या सवयीने छत्र्यांच्या खिडकीकडे वळले, बाईंनी हात धरून आत नेलं. बावीस वर्षांत त्यांनी त्या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. उंच खिडक्यांतून उजेड उतरला होता आणि पाच चौकटींत नुसतं भिंतीचं हिरवं कापड. अण्णा बाकावर बसले आणि बोलू लागले. बाई लिहीत होत्या. थोड्या वेळाने त्यांचं लिहिणं थांबलं, त्याही चौकटींकडेच बघत राहिल्या. दोन अनोळखी पाहुणे येऊन मागे उभे राहिले. कुणी हललं नाही. अण्णा म्हणाले की घोडा भिजलेला आहे, पण चित्रात कुठे पाऊस नाही, तेव्हा तो फार लांबून आला असणार. मला त्याच्या अंगाची वाफ जाणवली. तू हसशील, पण जाणवली.

परतताना मी हळूच विचारलं की छपराचं कुणी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मला लाज वाटली. म्हणाले, बाई, ते माझ्यापाशी राहू द्या.

दर गुरुवारी न्यायचं ठरलं आहे. तू मोकळं लिही. मी काही परकी नाही.
तुझी
ताई

ता. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन कागद फाडले, हा चौथा.

छपराचं मी सांगितलं होतं, ताई. मी एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेजसमोरच्या चहाच्या दुकानात एक गृहस्थ रोज भेटायचा, चांगले कपडे, गोड बोलणं. त्याने विचारलं वडील काय करतात. मी फुशारकीने सगळं सांगितलं: कुठलं दालन, सोमवारी ते एकटेच कसे असतात, येत्या सोमवारी छपरवाले येणार आहेत. चोरी झाली त्या दिवसापासून तो दिसला नाही. तेव्हा मला कळलं.

पोलीस अण्णांना दहा-दहा तास बसवून घेत होते आणि मी दाराआड गप्प उभा होतो. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता परगावी नोकरी धरली. तू मला कितीदा माणूसघाणा म्हणालीस. माणसांचा नव्हे गं, मला आपल्या घराच्या उंबऱ्याचा धाक वाटायचा.

अण्णांना काय माहीत आहे कोण जाणे. तपासकाकांना हे पत्र दाखव. जे व्हायचं ते होऊ दे. उत्तर नाही लिहिलंस तरी समजेन.
धाकटा

ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दिवसभर मशीनला हात लावला नाही. मग तपासकाकांना बोलावलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाले की चहावाल्याकडून हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पोराने गुन्हा केला नव्हता, गप्पा मारल्या होत्या. त्या गृहस्थाचा माग मात्र लागला नाही.

ते अण्णांशी बोलले होते. अण्णांनी एकच मागितलं: माझ्या मुलाचं नाव कागदावर आणू नका आणि त्याला कधी कळू देऊ नका, आपल्या बोलण्यातून हे घडलं ते त्याला ठाऊक नाही, कळलं तर खचेल. काकांनी बातमी फोडणाऱ्याच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलं. काका म्हणाले, अज्ञात लिहिलं की लोक जवळच्याच माणसाकडे बोट दाखवतात, हे मी त्यांना बजावलं होतं. दाखवू देत, असं अण्णा म्हणाले.

तू त्यांना सांगितलं नाहीस आणि त्यांनी तुला. मधल्या मधे मी दोघांनाही वर्षानुवर्षं घुमे म्हणून बोल लावत राहिले.

ये. ते तुला ओळखतील असं वचन देत नाही. तरी ये.
तुझी
ताई

ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बरोबर दिलेली भाकरी गाडीतच संपली.

गुरुवारी तू बाहेर बाईंशी बोलत होतीस तेव्हा आत काय झालं ते निघताना तोंडून निघेना, म्हणून लिहितो.

अण्णांनी मला पाहुणा समजून बाकावर जागा करून दिली. ‘अहो जाहो’ करत पाचही चित्रं दाखवली. उजेड हळूहळू एका चौकटीवरून दुसरीवर सरकत होता आणि ते त्याच्याबरोबर बोलत जात होते. मी आयुष्यभर काचा घासल्या, पण त्या दिवसाइतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं. ते थांबले तेव्हा मी सांगून टाकलं. म्हणालो, त्या माणसाला छपराचं मीच सांगितलं, त्याने विचारलं आणि मी सांगत गेलो.

 ते म्हणाले की त्यात तुमचं काय चुकलं. कुणी आपुलकीने विचारलं की माणूस सांगतो. मीसुद्धा इथे एवढी वर्षं तेच करत आलो, येईल त्याला सांगत आलो. विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला कुठे दिसतं.

 त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. लहानपणी माझं तोंड पुसायचे तसे, एका हाताने हनुवटी धरून. ओळखलं की नाही, ते मी विचारलं नाही.

यापुढे महिन्यातला एक गुरुवार माझा. त्या दिवशी तू खुशाल झगे शिव, अण्णांना मी नेईन.

तुझा लोभ आहेच, तो आता समोर बसून घ्यायला येतो.
तुझा
धाकटा