एकेचाळीस नंबरची वेल

दि. १८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घातला तर हसशील, म्हणून साधाच. शाळेतली पोरं फार छळत नाहीत ना? इकडे आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. काचघराला नवं छप्पर आलं, तुझ्या जागी नवे साहेबही आले. चहा स्वतः करतात, तोही पुचाट.

त्यांनी तुझ्या रानवेलींची जुनी पानं तपासायला काढली. रोपं एवढीशी असताना आपण नंबर घालून पाकिटांत सुकवलेली, ती. तू जीव तोडून सांगायचीस, एके काळी या वेलीच्या प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही होते. मग नर वेल वेगळी, मादी वेगळी झाली, आणि नराच्या एका गुणसूत्राने जोडीदाराशी देवाणघेवाण थांबवली. हिच्यात हे सगळं अजून ताजं आहे, पुरतं पक्कं झालेलं नाही, म्हणून एखादी नर वेल कधीतरी फळ धरेलच. सात वर्षं वाट पाहिलीस. लोकांनी तुला वेड्यात काढलं.

ताई, एकेचाळीस नंबरला फळ धरलं होतं.

तू तापाने घरी होतीस. नराचा निळा दोरा, आणि वर बोटाएवढं फळ! वाटलं, पहिली फुलं पाहून दोरे बांधताना मीच चुकीचा बांधला, आता तू फाडून खाणार. मी निळा सोडून लाल बांधला, नोंदवहीत नराचं ‘मादी’ केलं. क्षणभर मनात आलं होतं, हेच तर ते नसेल? पण घाबरले. फळ काही धरत नाही म्हणून वरच्यांनी तुझं काम बंद केलं, तेव्हाही मी गप्प बसले. मी फार वाईट वागले गं.

काल साहेब म्हणाले, “एकेचाळीसचं पान नराचं निघालंय. वहीत मादी लिहिलंय, चूक दिसते, वगळू या?”

“चूक नाही साहेब, मी खोटं लिहिलंय,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानाचं पाकीट पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाले, “वेल असती तर…”

वेल कुठून आणू? उरलंय एक सुकं पान आणि माझा शब्द, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

शेवटच्या दिवशी आपण दोघींनी मिळून सगळ्या वेली उपटल्या. एकेचाळीस तूच उपटलीस. मातीचे हात झटकून म्हणालीस, “माझं डोकं चुकलं, पण तुझी वही चोख होती हो.” मी मान डोलावली.

तू बरोबर होतीस, ताई.

अजून म्हणवत असेल तर,
तुझी धाकटी