पहिल्या थरातल्या माणसाचं रक्त

३ ऑग., रवि.
धमन्या कडक होण्याआधी रक्तातले एन्झाइम वाढतात का, हा आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमचा अभ्यास. त्यासाठी आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या चौदा गोविंदांचं रक्त घेतलं. दादा दहीहंडीच्या पहिल्या थरात उभा राहतो, म्हणून पहिला हात त्याचा. आई: "सगळ्यांचा रगत काढतस, गावता काय तुका त्यातून?"

४ ऑग., सोम.
चौदाही रिपोर्ट चढे. तशीच मॅडमकडे धावले. मॅडम हसल्या. "शनिवारी हंडीचा सराव होता?" होता. थर लावून स्नायू ठेचले की एन्झाइम रक्तात उतरतात. बारा वर्षं लॅबमध्ये काढून हा गाढवपणा. आता हंडीनंतर आठवडाभर आराम, मग परत.

२४ ऑग., रवि.
परत चौदा. दादानेच सगळ्यांना दटावून आणलं.

२५ ऑग., सोम.
तेरा जणांचे खाली. दादाचा तिथेच. मशीन तीनदा चालवलं, तोच आकडा.
ट्यूब उजेडात धरून बसले. रक्तावर सुटलेलं पिवळसर पाणी, चमचाभरही नाही. सात थर पेलणाऱ्या माणसाला स्वतःच्या आतलं ठाऊक नाही, ते या पाण्याला ठाऊक. अंगावर काटा आला. नुसत्या भीतीचा नव्हता तो.
बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, मिलच्या गेटवर, छातीत कळ येऊन. दादा एक्केचाळीस.
मॅडम: "हा इशारा आहे, निदान नव्हे. मानेची सोनोग्राफी करू."

२६ ऑग., मंगळ.
दादा: "अगो, उद्या गणपती. गणपती सोडून हय रवू?" बाबांच्या माघारी गावी मूर्ती तोच पाटावर ठेवतो. कडाकडा भांडले. शेवटी ठरलं, दुपारी सोनोग्राफी, संध्याकाळी गाडी.
पडद्यावर त्याच्या मानेतली धमनी. फुगते, बसते, फुगते. इतकी वर्षं कोणी न सांगता. दादा कुजबुजला, "ती माझी?" मी म्हटलं, तुझीच. भिंत जाड झालीय का ते मॅडम मोजून सांगणार, सुट्टीनंतर.

२७ ऑग., बुध.
वहिनीचा गावाहून फोन. मूर्ती बसली. "आरतीला टाळ्या सोडून दोन बोटं मानेवर ठेवून उभे होते हे. काय झालंय ओ वन्सं?" रिपोर्ट आला नाही, एवढंच सांगितलं.
फोन ठेवला तेव्हा माझीही बोटं मानेवर होती. चौदा जणांचं रक्त दोनदा काढलं, स्वतःचं एकदाही नाही. बाबा काय एकट्या दादाचे होते?
उद्या ट्यूबवर माझं नाव.