साठ फुटी रस्त्यातलं घर

ठाणे,
डिसेंबर १९५७

प्रिय गोविंदा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी हे सांगतो की तुझी आई, आमची ठमाकाकी, ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. परवाच मिठागरावरून परतणाऱ्या बायकांना तिनं नव्या ओट्यावर बसवून चहा पाजला. हा ओटा नवा कसा, तीच हकिकत तुला सांगायची आहे. पत्र मोंबासाच्या पत्त्यावर टाकतोय, तुझं शेवटचं पत्र तिथूनच आलेलं. तू तिथं नसलास तर तुझ्या बोटीवरचं कुणीतरी पोचवेल, अशी आशा धरतो.

मी नगरपालिकेत चिकटलो हे तुला ठाऊक आहेच. आता नगररचनेचे नकाशे काढतो. गेल्या साली आपल्या आळीपासून थेट खाडीपर्यंतची जमीन मोजून झाली आणि त्या मोजणीवरून मी कापडावर शाईनं नकाशा काढायला बसलो. आपली वेडीवाकडी भातखाचरं नकाशावर सगळी एकत्र करायची, त्यांतून रस्ते, शाळा, दवाखाना, बाग यांना जागा काढायची, आणि उरलेली जमीन ज्याची त्याला चौकोनी तुकड्यानं परत द्यायची. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कमी येते, पण प्रत्येकाचं तोंड रस्त्याला लागतं, गटार आणि नळ दारात येतात. गोविंदा, जे गाव अजून जमिनीवर नाही ते माझ्या टाकाखाली उमटत होतं. जिथं आपण चिंबोऱ्या धरायचो तिथं मी 'बाग' असं लिहिलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो. पन्नास वर्षांनी तिथं कुणाची तरी नातवंडं धावतील, आणि ती जागा कुणी आखली ते त्यांना कळणारही नाही. ऊर भरून यायचा रे. भीतीही वाटायची.

नकाशा लोकांसाठी कचेरीच्या भिंतीवर लावला त्या दिवशी अख्खी आळी आली. काळुरामदादांनी चपला दाराबाहेर काढल्या, मग मागच्या सगळ्यांनी काढल्या. जो तो बोटानं आपलं शेत शोधत होता. दादांनी स्वतःच्या खाचरावर तळहात ठेवला आणि म्हणाले, एवढी जमीन एका हाताखाली मावते हे मला आज कळलं. भांडणंही झाली. कुणाला कोपऱ्यावरचा तुकडा हवा होता, कुणाला शेजार पसंत नव्हता. पण दोनतीन महिन्यांत सगळ्यांचं जमलं. राहिली एकटी तुझी आई.

तुमचं घर साठ फुटी रस्त्याच्या बरोबर मधोमध येत होतं. रस्ता सरकवावा तर एकीकडे विहीर, दुसरीकडे शाळेची जागा. काकीला चढावर चांगला तुकडा दिलेला, पावसाळ्यात पाणी न शिरणारा. तरी ती एकच वाक्य बोलायची, "घर हालनार नाय." रंगूबाई तिची इतकी जुनी मैत्रीण, तिनंही समजावलं. काळुरामदादा दोनदा येऊन बसले. कारण विचारलं की काकी सुपातले तांदूळ निवडत राहायची.

हरकती ऐकायला पुण्याचे त्र्यंबकराव नावाचे अधिकारी आले होते. काकीचं नाव पुकारलं तेव्हा मी नकाशाजवळ उभा होतो. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. त्यांनी विचारलं, नवी जागा लहान वाटते का. नाही म्हणाली. पाणी लांब पडेल का. नाही. मग हरकत काय आहे बाई, असं त्यांनी खरंच हळू आवाजात विचारलं. ती म्हणाली, "तुमचा रस्ता चांगला हाय. मना दिसतंय. पन मी तितंच रानार." साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः घर बघून गेले. परतताना मला म्हणाले की ही बाई हट्टी नाही, तिच्या मनात काहीतरी आहे, पण मला कायद्यानं थांबता येणार नाही. दिवाळीनंतर रस्त्याचं काम सुरू होणार होतं. त्याआधी घर पाडायला माणसं येणार, हे आळीत सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिच्याकडे बघायचीही चोरी झाली होती.

आणि भाऊबीज उलटल्यावर एका सकाळी काकी आपणहून माझ्या दारात आली. काय बोलली ते पुढं लिहितो. बोलण्याचा शेवट मात्र असा की मी जाते, पण घर मोडायचं नाही, आहे तसं उचलून न्यायचं.

मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलेलं. हसले नाहीत. म्हणाले, कुठूनही येवो, नव्या जागेवर घर उभं राहणार म्हणजे बांधकामाची परवानगी लागणार, चारी बाजूंनी मोकळी जागा सुटली पाहिजे, तर तू घराचा नकाशा काढून आण. मग मी तुमचं घर मोजलं. लहानपणापासून ज्या घरात जेवलो ते पहिल्यांदा फुटपट्टीनं बघितलं, आणि त्याच्या नकाशावर मंजुरीचा शिक्का बसला.

कुडाच्या भिंती आदल्या दिवशी सोडवल्या. छप्पर तोलणाऱ्या मेढींच्या बुडाची माती उकरली, छपराखाली आडवे बांबू बांधले. सहदेव कोळी होडीचे जाड दोर घेऊन आला. होडी ओढताना देतात तशी हाक त्यानं दिली, आणि आळीतल्या सगळ्या पुरुषांनी एका दमात तुमचं घर उचललं. गोविंदा, मी शपथेवर सांगतो, छप्पर चालायला लागलं. पेंढ्याखाली नुसते पाय दिसत होते. कापणी झालेल्या खाचरांतून, बांध ओलांडत, मी आखलेल्या रस्त्याला आडवं जात ते घर चढाकडे निघालं. मागून बायका कुडाचे तट्टे, जातं, पाटा डोक्यावर घेऊन. सगळ्यांच्या पुढं तुझी आई, हातातल्या खापरात चुलीतला विस्तव. तिनं मागं वळून एकदाही बघितलं नाही. साहेब बांधावर उभे राहून बघत होते. मी इतके नकाशे काढले, पण माणसं ठरवून एक घर अलगद उचलतात आणि ते कुठंही न तडकता जमिनीवर टेकतं, असं काही मी पाहिलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत कुड पुन्हा बांधून झाले, आणि बांधकाम पुरं झाल्याचा दाखला साहेबांनी त्याच संध्याकाळी सही करून दिला.

आता त्या सकाळचं. काकी उंबऱ्यात बसली आणि तिनं मला सांगितलं, ते आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तू बोट पकडायला निघालास तेव्हा ती भाऊच्या धक्क्यापर्यंत यायला निघालेली. तू तिला दारात थांबवलंस आणि म्हणालास, आये, तू इथंच थांब, मी येतो. तू सहज बोलून गेला असशील. आपण सगळेच निघताना असं काहीतरी बोलतो. तिनं मात्र तो शब्द धरून ठेवला. लग्नकार्याला परक्या गावी राहिली नाही, माहेरी वस्तीला गेली नाही, आणि सरकारच्या कायद्यापुढं एकटी उभी राहिली, ते एवढ्यासाठी. मला म्हणाली, "परशा, तो आला आनं रस्त्यात उभा राहून घर शोधीत बसला तं? तू त्याला लिव. तू लिवलंस म्हंजे मी सांगून गेले असं होईल." मी लिहीन म्हटल्यावर ती उठली आणि सामान बांधायला गेली. म्हणून हे पत्र. स्टेशनवर उतरलास की खाडीच्या बाजूला चालत ये. जिथं तुझं दार होतं तिथं आता खडी पडली आहे. तिथं थांबू नकोस. तसाच डावीकडं चढ चढ. पहिलंच घर तुमचं आहे. दार मी पश्चिमेला काढलं, म्हणजे येणारा माणूस तिला लांबूनच दिसेल.

तुझी वाट बघणाऱ्यांतला एक, तुझाच
परशुराम